नौतपा लागायच्या आत: ४८६ वर नवा प्रोसेसर बसवण्याची तयारी

जुन्या ४८६ संगणकातल्या डीएक्स-३३ प्रोसेसरवर बहुतेक वेळा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, नसायचाच. उघडी चिप वर्षानुवर्षं चालायची. त्याच सॉकेटात एएमडी कंपनीचा १३३ मेगाहर्ट्झचा ५एक्स८६ प्रोसेसर बसवला की तसं चालत नाही, आणि आपल्या इंदूरच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. म्हणून २५ मेच्या सुमारास नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्याआधी हे काम उरकायचं.

सगळ्यात आधी चिपवरचा नंबर वाचा. शेवटी एडीडब्ल्यू असेल तर तिच्या कवचाचं तापमान ५५ अंशांपुढे जाता कामा नये. एडीझेड असेल तर ८५ पर्यंत चालतं. रामबागेत आमच्या गच्चीखालच्या खोलीत दुपारी पारा ३८ वर असतो, कॅबिनेटच्या आत आणखी पाच-सहा अंश. एडीडब्ल्यूच्या वाट्याला मग जेमतेम अकरा-बारा अंश उरतात. दोन पैसे जास्त पडले तरी एडीझेडच घ्या.

मग व्होल्टेज. डीएक्स-३३ ला ५ व्होल्ट लागतात, या चिपला ३.४५. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे बोर्डावरचा जम्पर (पिनांवर बसवून व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) बदलायचा राहिला तर ती दुपटीच्या वर जाते; तिथे कोणताही हीटसिंक चिपला वाचवणार नाही. बोर्ड फक्त ५ व्होल्टचा असेल तर व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर असलेलं ॲडॉप्टर सॉकेट लागेल. तो रेग्युलेटरही चांगलाच तापतो, त्यालाही वारा मिळायला हवा. बोर्डाच्या वेगाच्या किती पट प्रोसेसर चालवायचा हे ठरवणारा गुणकाचा जम्पर २ वर ठेवा, ही चिप त्याला ४ समजते.

सामान फार नाही: साधारण ४५ मिलिमीटर चौरस हीटसिंक, त्यावर ४० मिलिमीटरचा पंखा, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धुतलेलं मलमलीचं फडकं, आणि तापमान मोजायची तार जोडता येणारा मल्टीमीटर. मल्टीमीटर जेल रोडवर शोधा. हीटसिंक घेण्याआधी फूटपट्टीने उंची मोजा. लांब व्हीएलबी कार्ड (त्या काळच्या बोर्डांवरचं लांबलचक जोडकार्ड) थेट प्रोसेसरच्या डोक्यावरून जातं, आणि पंख्याच्या वर बोटभर जागा नसेल तर तो हवा ओढणार कुठून?

जुना हीटसिंक चिकटलेला असेल तर सरळ वर उपटू नका. हेअर ड्रायरने कोमट करा, हलक्या हाताने पिळत सोडवा. नव्याखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. झटपट चिकटणारा गोंद कुणी सुचवला तरी नको: त्यातून उष्णता नीट जात नाही आणि चिप पुन्हा सुटत नाही. ४८६ ची क्लिप बहुधा चिपच्याच कडांना धरते, म्हणून हीटसिंक आधी टेबलावर लावून घ्या आणि मगच सगळं मिळून सॉकेटात बसवा. कापलेला कोपरा पिन १ च्या खुणेवर. सॉकेटला दांडी नसेल तर बोर्डाखाली मऊ पण घट्ट आधार द्या, नाहीतर दाबताना बोर्ड वाकतो आणि आतल्या तारा तुटतात.

चाचणीत मी गेल्या वर्षी चुकलो. रात्री अकराला मशीन लावलं, तासभर सुरळीत चाललं, मी निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते गोठलं. शब-ए-मालवाचा, म्हणजे आपल्या माळव्यातल्या रात्रीचा, गारवा माणसाला सुखाचा, पण मशीनच्या परीक्षेला तो उपयोगी नाही. चाचणी भर दुपारीच घ्या, बाजूचं झाकण लावून. खोलीतला कूलर बंद ठेवा. त्याची ओली हवा जुन्या बोर्डावर यायला नको. वेगळा ताण द्यायचीही गरज नाही: डॉस ही जुनी साधी ऑपरेटिंग सिस्टिम प्रॉम्प्टवर नुसती थांबलेली असते तेव्हाही प्रोसेसर कळ दाबली जाण्याची वाट पाहत अखंड फिरत असतो.

हीटसिंकच्या बुडाशी तार टेकवून दर दहा मिनिटांनी आकडा टिपा, शेजारी खोलीचंही तापमान. खरा उपयोग दोन्हींतल्या फरकाचा. एप्रिलमध्ये फरक पंधरा असेल तर मेमध्येही जवळपास पंधराच राहील, आणि खोली ४२ वर गेली तर चिप ५७ च्या आसपास असेल हे आधीच कळेल. तो कागद जम्परच्या नोंदीसकट कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.