कंबरेतून पायात उतरणारी कळ: सायटिका ओळखावी कशी, सांभाळावी कशी

कंबर धरली म्हणून गेलेल्या माणसाला जाणता फिजिओथेरपिस्ट आधी विचारतो, "कळ खाली कुठपर्यंत जाते?" दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठवर पोचतं, हे इथे जास्त कामाचं. शिवाय ते घरच्या घरी रोज बघता येतं.

आधी धोका नाही ना, ते बघा

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय: यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुपका चेपला गेल्याची ही लक्षणं आहेत आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. चालताना पाऊल फरशीवर घासायला लागलं, तरीही थांबू नका.

ताप, घटणारं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा म्हातारपणी पडल्यावर सुरू झालेली कंबरदुखी डॉक्टरांना लवकर दाखवावी. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही आढळतो. कित्येक महिने कंबर दुखतेय आणि संध्याकाळी कणकण येतेय, अशा माणसाला मालिश करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

मग दुखणं कुठलं ते ओळखा

सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या पाच मुळांपासून ती बनते आणि नितंबातून मांडीच्या मागून खाली जाते. बहुतेक वेळा एल४-एल५ किंवा एल५-एस१ या कंबरेच्या तळच्या मणक्यांमधली चकती, म्हणजे मऊ गादी (डिस्क), सरकते आणि यातलं एखादं मूळ दाबलं जातं. चकतीतल्या गराने ते चिडतं, सुजतं.

साधी उसण कंबरेत, फार तर नितंबात किंवा मांडीत राहते. सायटिकाची कळ सहसा एकाच पायात, गुडघ्याच्या खाली उतरते, करंट लागल्यासारखी. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर केला की चमक जाते. कळ पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्याकडे जात असेल तर भिंतीला धरून टाचांवर चालून बघा. पोटरीच्या मागून करंगळीकडे जात असेल तर चवड्यांवर. एका पायाला ते जमत नसेल तर ताकद कमी झाली आहे, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

साठीच्या पुढच्या माणसाला थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, असं असेल तर कण्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. खाली दिलेला पोटावरचा व्यायाम त्यांच्यासाठी नाही.

पहिले काही दिवस

पडून राहू नका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. झोपून राहिल्याने फायदा काहीच झाला नाही.

कळ जास्त असताना पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा किंवा कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. फरशीवर झोपायची शिक्षा नको, मध्यम कडक गादी पुरते. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं चाला. शेकायचं तर शेका, पण मधुमेहाने पाय बधिर असतील तर पिशवी पायावर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. रक्तदाब, किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नये.

पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, हे गावोगाव ऐकायला मिळतं. उसण बहुधा चार-आठ दिवसांत आपली आपण जाते, श्रेय पायाळूला मिळतं. सायटिकात मात्र पाठीवर कुणालाही पाय देऊ देऊ नका.

व्यायाम: कळेला विचारून

पोटावर दोन-तीन मिनिटं नुसतं पडा. जमलं तर कोपरांवर या. तेही सोसलं तर तळहात टेकून छाती उचला, भुजंगासनासारखी, पण कंबर सैल सोडून आणि ओटीपोट सतरंजीला टेकलेलं ठेवून. दहा वेळा, सावकाश. आता बघा: कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात सरकली का? सरकली असेल तर व्यायाम लागू पडतोय, मग कंबरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कळ खाली उतरली किंवा पावलातल्या मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या हे १९५६ मध्ये लक्षात आलं आणि त्यावर त्यांनी पुढे आख्खी उपचारपद्धती उभी केली.

काहींना उलट, गुडघे छातीशी घेतल्याने आराम पडतो. शेजारच्याला लागू पडलेला व्यायाम तुम्हाला लागू पडेलच असं नाही. पहिले काही आठवडे पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन आणि पोटाच्या बैठका मात्र सोडाच. पाय सरळ ठेवून वाकलं की चिडलेली नस आणखी ताणली जाते. कळ पायातून वर कंबरेकडे सरकली की मग सेतुबंधासन, रोजचं चालणं.

बसणं, उठणं, उचलणं

रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं टाळा. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताने रेटा देत उठा. खोल सोफा नको. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढा. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसू नका. एसटीत मागचं सीट मिळत असेल तर पुढची गाडी बघा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. ती उचलू नका, बुडावर तिरकी करून फिरवत न्या, नाहीतर दुसऱ्याला सांगा.

एमआरआय आणि ऑपरेशन

काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते, ऐंशीतल्यांमध्ये ८४ टक्क्यांच्या. त्यामुळे रिपोर्टमधल्या 'बल्ज' शब्दाने हबकू नका. धोक्याची लक्षणं असतील, ताकद घटत असेल किंवा सहा आठवड्यांनंतरही कळ हटत नसेल, तर एमआरआयला अर्थ आहे. बाहेर आलेली चकती पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं.

ऑपरेशनने पायातली कळ लवकर जाते. पण ताकद शाबूत असलेल्या रुग्णांमध्ये, ऑपरेशन केलेले आणि थांबलेले, वर्षभराने साधारण सारख्याच ठिकाणी असतात. म्हणून सर्जनना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: माझ्या पायाची तक्रार आणि रिपोर्टमधली जागा जुळतेय का? आणि आणखी सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल?