हलक्या धुराची स्कॉच नागपुरात कशी चाखावी

हलक्या पीटच्या सिंगल माल्टमधला (एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोडाच्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीतला) धूर फार लाजरा असतो. बर्फ आणि सोडा टाकून पेग भरला की तो गेलाच म्हणून समजा. नागपुरात त्याला दडपणाऱ्या गोष्टी घरातच हजर असतात: कूलरच्या खसचा ओला वास, तोंडातला खर्रा, जेवणातलं सावजी. त्यामुळे बाटली उघडण्याआधी खोली आणि तोंड तयार करावं लागतं.

आधी हा धूर येतो कुठून ते पाहू. स्कॉटलंडच्या दलदलीत शतकानुशतकं साचलेला शेवाळ-झुडपांचा थर म्हणजे पीट. तो कापून वाळवतात आणि मोड आलेलं ओलं बार्ली सुकवताना भट्टीत जाळतात. धुरातले फिनॉल, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात. त्यांचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) सांगतात, पण हा आकडा माल्टचा, म्हणजे सुकवलेल्या मोडाच्या बार्लीचा असतो. गाळप होईपर्यंत बरंच फिनॉल मागे राहतं. स्कॉच ब्रँडांपैकी बेनरोमॅकच्या नेहमीच्या माल्टचा आकडा 12 च्या आसपास, बोमोरचा 25 च्या आसपास आणि आर्डबेगचा 55 च्या आसपास. सुरुवात पहिल्या दोघांपैकी एकाने किंवा हायलँड पार्कने करावी. हायलँड पार्क ऑर्कनी बेटांवरची. तिथे झाडं जवळजवळ नाहीत, पीट मुख्यतः हेदर नावाच्या झुडपाचं, म्हणून तिचा धूर गोडसर, थोडा फुलांकडे झुकणारा.

चाखायची वेळ जेवणाआधीची, शेवटच्या खाण्यानंतर निदान दोन तासांनी. सावजी रस्सा खाल्ला असेल तर त्या दिवशी बेत सोडून द्या. मिरचीने जीभ भाजली की अल्कोहोलचा चटका दुप्पट वाटतो आणि बारीक चव हाती लागत नाही. खर्रा तर सकाळपासूनच नको. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको आणि शेजारी कोणी संत्रं सोलायला बसू नये. सालीचं तेल हवेत उडालं की बराच वेळ दुसरं काही जाणवत नाही. कूलर अर्धा तास आधी बंद करून पंखा मंद ठेवा.

तापमानाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. व्हिस्की साधारण 18 ते 22 अंशांवर छान बोलते. मे महिन्यात आपल्याकडे कपाटातली बाटलीही 35 च्या पुढे असते. तेव्हा ग्लासात नुसतं अल्कोहोल वर उसळतं, नाक झोंबतं आणि धूर त्याच्याखाली दबतो. उपाय सोपा: बाटली उभीच ठेवून गळ्यापर्यंत माठाच्या पाण्याच्या भांड्यात वीस मिनिटं ठेवा. फ्रीजमध्ये तासभर ठेवली तर उलटं होतं, वास गोठून बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री यातलं काही करावं लागत नाही. या कामाला तोच सगळ्यात चांगला मोसम.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्की चाखायचा ग्लास उत्तम, नसेल तर लहान वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास निसटतो. भांड्याच्या साबणाचा वास काचेला राहतो, म्हणून ग्लास गरम पाण्याने खळबळून हवेवर वाळवा, स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका.

आता 25 मिली ओता आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग ग्लास आधी हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू नाकाशी आणा. ग्लासात नाक खुपसून जोरात ओढलं की पुढची दोन मिनिटं वाया जातात. दोन-तीन हलके हुंगे झाले की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक पुन्हा ताजं होतं. परदेशी वर्णनातले शब्द पाठ करू नका, आपल्या आठवणीतला धूर शोधा. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं काळं साल सोलताना बोटांना जो गोड-धुरकट वास लागतो, तो हलक्या पीटच्या फार जवळचा आहे. थंडीतला हुरडा, विझलेल्या शेकोटीची राख हेही सापडतं. आयोडीन किंवा दवाखान्याचा वास ठळक असेल तर बाटली बहुधा स्कॉटलंडच्या आयला बेटावरची.

पहिला घोट अगदी थेंबभर, फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. त्यावरून मत बनवू नका. दुसरा चमचाभर घ्या, आठ-दहा सेकंद जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. हलका धूर बहुतेक वेळा इथेच भेटतो, आधी मध आणि फळं, मग माल्ट आणि सगळ्यात शेवटी घशामागून तो. हा श्वास विसरणाऱ्यांनाच वाटतं की बाटलीत पीट नाही.

यानंतर पाणी. 46 टक्के अल्कोहोलच्या 25 मिली व्हिस्कीत पावणेचार मिली पाणी घातलं की ती साधारण 40 टक्क्यांवर येते. पण एकदम ओतू नका. ड्रॉपरने अर्धा-अर्धा मिली घाला आणि दरवेळी हुंगा. धुराच्या वासातला एक महत्त्वाचा घटक ग्वायाकॉल. 2017 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाणी वाढलं की त्याचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. पाणी आरओचं किंवा बाटलीतलं घ्या; नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास औषधी पीटसारखा भासतो आणि फसगत होते.

दोन व्हिस्क्या असतील तर बिनधुराची आधी, धुराची नंतर. क्रम उलटा झाला तर पहिलीचा धूर दुसरीतही लागत राहतो. मधे साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. एका बैठकीत दोन नमुने पुरे, तिसऱ्याला नाक थकलेलं असतं.

रिकामा ग्लास धुऊ नका, झाकून ठेवा. सकाळी हुंगलात तर अल्कोहोल उडून गेलेलं असेल आणि काचेवर कोरडी राख व जळकं लाकूड स्वच्छ ओळखू येईल. रात्री धूर सापडला नसेल तर आधी हा वास ओळखून घ्या आणि पुढच्या खेपेला तोच ग्लासात शोधा. उघडलेली बाटली निम्म्याखाली आली की उरलेली व्हिस्की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. आत हवा जितकी जास्त, तितका हा धूर लवकर विरतो, त्यात नागपूरचा उन्हाळा वेगळाच.