तेराव्या डब्यातली बेरीज

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला अगदी साधा प्रोग्रॅम आला होता: बारा आकडे ॲरेत, म्हणजे मेमरीतल्या एकाला एक लागून असलेल्या घरांत, घ्या, बेरीज छापा. मी डोंबिवलीहून रोज लोकलने येणारी, ॲरेचं नावच ठेवलं 'डबा'. डबा[१२] डिक्लेअर केला, म्हणजे बारा घरं मागितली, त्याखाली बेरीज = ०, आणि आकडे घेण्याचा व मिळवण्याचा, दोन्ही लूप (तेच काम फेऱ्या घालून करणारे) १ ते १२. तपासायला सोपं पडावं म्हणून सगळीकडे १० टाकले. यायला हवे होते १२०, स्क्रीनवर २४०. शेजारच्या मशीनवर कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) वेगळा होता. तिथे हाच कोड बरोब्बर १२० देत होता. झालं, मी मशीनवर खापर फोडून मोकळी.

एक्स्टर्नल सरांनी कोडवर नजर टाकली आणि विचारलं, "पहिल्या डब्यात चढायचं तर पुढून किती डबे ओलांडशील?"

"एकही नाही, सर."

"मग त्याचा नंबर शून्य."

कंसातला आकडा म्हणजे हजेरीचा नंबर नव्हे. सुरुवातीपासून किती घरं सोडायची, ते. ॲरे १००० या पत्त्यावर सुरू होत असेल आणि एक इंट, म्हणजे पूर्णांक, ४ बाइटचा असेल, तर डबा[३] सापडतो १००० + ३ × ४ = १०१२ वर. बारा डब्यांचे नंबर ० ते ११. माझा डबा[१२] गाडीबाहेरच होता, आणि नेमकी तिथेच 'बेरीज' बसलेली! शेवटचा १० तिच्यावर जाऊन पडला. मग त्या १० मध्ये आणखी अकरा दहा मिळून १२० झाले आणि शेवटच्या फेरीत बेरजेत बेरीजच मिळवली गेली. शेजारच्या मशीनवर ती जागा वापरात नव्हती, म्हणून चूक झाकली गेली. माझ्या मते ते जास्त वाईट.

जावा किंवा पायथन असं केलंत तर तिथल्या तिथे एरर देतात. सी हद्द तपासत नाही. म्हणून लूप ० पासून, अट '< १२' अशी; '<=' दिसलं की थांबून पहिली आणि शेवटची फेरी कागदावर करा. सराव करताना जीसीसी या कंपायलरमधला ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरी-तपासनीस चालू ठेवा, तो अशी घुसखोरी बहुतेक वेळा पकडतो. भाषा बदललीत तर मोजणी कुठून ते आधी बघा: फोरट्रानमध्ये ती सहसा १ पासून असते, आणि पायथनमध्ये डबा[-१] म्हणजे शेवटचा डबा.