चक्रीवरचा डाव कसा बांधायचा, आणि बांधल्यावर पैसा कुठे पळतो

सोलापुरात पूर्व भागातल्या कारखान्यांत आठवड्याचा पगार हातात पडतो आणि कित्येक घरांत त्याच संध्याकाळी त्यातला वाटा चक्रीच्या, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायच्या जुगाराच्या मशीनच्या, पडद्यावर जातो. हे अशा घरांसाठी आहे. चक्री सुटावी हेच खरं. पण सुटेपर्यंत घर तगवायचं तर डाव बांधावा लागतो, म्हणजे लावायच्या पैशाला मर्यादा घालावी लागते, आणि तो नुसतं "दहाच्या वर लावू नकोस" म्हणून बांधला जात नाही.

आधी हिशेब. ० ते ९ असे दहा आकडे. लागलेल्या आकड्याला लावलेले पैसे धरून नऊपट मिळत असेल, तर लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी दहा रुपये मशीनवाल्याचे. चार-पाच आकड्यांवर वाटून लावलं तरी हे प्रमाण तेच राहतं. मिनिटाला एक फेरा धरा. ५० रुपयांच्या डावाने अर्धा तास बसलं तर १,५०० रुपये फिरतात आणि सरासरी १५० जातात. १० रुपयांच्या डावाने तीन तास बसलं तर १,८०० फिरतात आणि १८० जातात. डाव पाचपट लहान होऊनही तोटा वाढला, कारण बैठक लांबली. म्हणून डाव, बैठकीची वेळ आणि खिशातली रोकड, तिन्ही एकदम बांधा. शिवाय ही सरासरी आहे. एखाद्या संध्याकाळी खिसा पूर्ण रिकामा होतो. आणि बेकायदा मशीनचं सेटिंग कुणी तपासत नाही, त्यामुळे नऊपटीचा हिशेबसुद्धा मालकाच्या मर्जीवर.

ब्रिटनमध्ये हे देशपातळीवर करून झालंय. तिथल्या बेटिंग शॉपमधल्या (पैजा लावायच्या दुकानांतल्या) मशीनवर २० सेकंदांत १०० पौंड लावता येत. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावरच्या आकड्यांच्या खेळात, मशीनचा वाटा २.७ टक्के, म्हणजे सतत खेळणाऱ्याचे तासाला सरासरी ४८६ पौंड जायचे. १ एप्रिल २०१९ पासून मर्यादा २ पौंडांवर आली आणि तोच आकडा दहा पौंडांच्या आत आला. मग दुकानं बंद पडू लागली. एकट्या विल्यम हिल या कंपनीने सुमारे ७०० दुकानं बंद करायचं जाहीर केलं. सरकारने बुडणारा महसूल भरून काढायला ऑनलाइन कॅसिनोवरचा कर १५ वरून २१ टक्के केला. पण मोबाइलवरच्या स्लॉटला (चित्रं जुळवायच्या जुगाराला) डावाची मर्यादा आली थेट २०२५ मध्ये, ५ पौंडांची. सहा वर्षं एक दार बंद आणि शेजारचं सताड उघडं. घरात हीच चूक होते.

पगाराच्या दिवशीचा क्रम असा ठेवा. खेळणाऱ्याशी आधी, तो शांत असताना बोला; हरून आल्यावर नको. त्याच्या संमतीने पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर घ्या. रोख मिळत असेल तर कारखान्याच्या दारातच भाडं, किराणा, भिशी, शाळेची फी अशी चार पाकिटं वेगळी करा. घरी पोचल्यावर करू म्हटलं की वाटेत चक्री लागते. कारखान्यात सांगून ठेवा की घरी विचारल्याशिवाय उचल देऊ नका. ही पायरी बहुतेक जण लाजेने गाळतात आणि तिथूनच सगळं फुटतं.

त्याच्या स्वतःच्या खात्यात फक्त आठवड्याचा खर्च ठेवा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा. बायकोच्या खात्यावरून यूपीआय सर्कल (आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्चायची मुभा देण्याची सोय) लावलं तर तिने ठरवलेल्या रकमेपुरतंच त्याला खर्चता येतं. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही कमाल. कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाका. दागिने लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा. घरातलं सोनं तारण पडायला एक दुपार पुरते.

पुढचे पंधरा दिवस पासबुक बघत राहा. अनोळखी व्यक्तीच्या नावाने गेलेले १००, २०० रुपये दिसले तर डाव मोबाइलवर किंवा मटक्यावर सरकलाय असं धरा. रोख दिसेनाशी झाली आणि तरी खेळ चालू असेल तर सावकार आलाय. दिवाळीच्या बोनसआधी पाकिटांची वाटणी कागदावर करून ठेवा, कारण मोठी रक्कम एकदम आली की जुना तोटा भरून काढायची ओढ लागते.

कायद्याचं बळ वापरा. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्डा चालवणारा आणि तिथे खेळताना सापडणारा दोघंही अडकतात. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तिथे शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. तेव्हा अड्डेवाला "उधारी दे" म्हणत दारात उभा राहिला तर घाबरून सही करू नका, कोरा चेक तर मुळीच देऊ नका. धमकी दिली तर ११२.

झोप उडाली, जीव द्यायची भाषा निघाली, तर थांबू नका: १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर, किंवा थेट सिव्हिलचा मनोविकार विभाग. परवाना नसलेल्या सावकाराची लेखी तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे होते. त्यासाठी दिलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम आजपासून वहीत लिहा, आणि हप्ता शक्यतो रोख देऊ नका.