आपल्या दातांची जबाबदारी स्वतःकडे कशी घ्यावी

दंतवैद्याच्या खुर्चीत वर्षाकाठी फार तर दोन-तीन तास जातात. उरलेल्या काळात तोंडात काय घडते यावर लक्ष ठेवणे रुग्णाच्याच हाती असते, आणि त्याची सुरुवात नवा ब्रश घेण्याने नव्हे, तर नीट पाहण्याने करावी.

त्यासाठी प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, रंगवणारी गोळी उपयोगी पडते. दात घासून झाल्यावर ती चावावी, रंगीत लाळ तोंडभर फिरवून थुंकावी, एकदा हलकी चूळ भरावी आणि भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहावे. रंग जिथे चिकटून राहतो तिथे ब्रश पोहोचलेला नसतो. बहुधा हिरड्यांची कड, खालच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढांची मागची बाजू रंगलेली दिसते. हे दृश्य फारसे सुखावह नसते, पण दवाखान्यातल्या दहा उपदेशांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, असे माझे मत आहे.

मग ब्रश त्या जागांकडे वळवावा. मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेशी साधारण 45 अंशांत टेकवून, जोर न लावता, लहान लहान हालचालींनी 2 मिनिटे घासावे. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. फ्लोराइडयुक्त पेस्ट थुंकल्यावर लगेच चूळ भरू नये, कारण दातांवर राहिलेले फ्लोराइड पाण्याबरोबर वाहून जाते. दोन दातांमधली फट ब्रशने साफ होत नाही. तिच्यासाठी रोज एकदा फ्लॉस (फटीतून फिरवायचा बारीक धागा) किंवा फटीच्या मापाचा बारीक ब्रश वापरावा.

सुरुवातीला हिरड्यांतून रक्त आले की अनेक जण तिथे घासणेच सोडतात, आणि नेमके तेच टाळायला हवे. 1965 मध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजेच असे रक्त बहुधा साचलेल्या प्लाकमुळे येते. तिथे हलक्या हाताने, पण न चुकता घासावे. दोन आठवड्यांनंतरही ते थांबले नाही, किंवा दात हलू लागला, तर मात्र वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी. कडक झालेले कीटण घरी टोकदार वस्तूने खरवडू नये. ते दंतवैद्यानेच काढायचे असते.

पुढच्या भेटीला आपला ब्रश सोबत न्यावा, दंतवैद्यासमोर घासून दाखवावे आणि हिरड्यांच्या खोबणींची, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या फटीची, खोली विचारून लिहून ठेवावी. 1 ते 3 मिलिमीटर खोली सर्वसाधारणपणे ठीक मानली जाते. आकडा त्याहून मोठा असलेल्या दातांपाशी गोळीचा रंग पुढच्या वेळी आधी तपासावा.