ग्वाल्हेरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडण्याआधी

मासे सगळ्यात शेवटी येतात, त्यामुळे त्यांचे फोटो बघणं आधी बंद करा. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पहिलं सामान म्हणजे गोडं पाणी. वीस-वीस लिटरचे चार-पाच झाकणवाले कॅन, ज्यांना कधी साबण किंवा फिनाइल लागलेलं नाही, आणि ते आरओ-डीआयच्या पाण्याने (आधी आरओ फिल्टर, मग उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन) कायम भरलेले. दुकानदार मीठ विकेल, दगड विकेल, नीमो दाखवून पोरांना वेडं करेल, पण कॅन घ्या असं काही तो सांगणार नाही. माझ्या मागच्या टाकीला बाकी सगळं होतं, फक्त हे कॅन नव्हते.

टाकीतून उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. आमटी आटली की खारट होते, तेच इथे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत ३५ भाग क्षार असतात, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, १.०२५-१.०२६ दिसतं. दीडशे लिटरच्या टाकीतून १५ लिटर उडाले की ३५चे जवळजवळ ३९ होतात. मुंबईकर म्हणतील, एवढं कुठे उडतं? त्यांची हवा दमट आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर, दिवसभर लू, आणि पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखा लावलेला. पंखा पाणी गार करतो तो पाणी उडवूनच.

म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरा. गोडं! आठवड्याला पाणी बदलता तेव्हा घालायचं ते खारं, उडालेलं भरून काढायचं ते गोडं. दोन्ही कॅनांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा हाताने करून दाखवा. लग्नसराईत तुम्ही बाहेरगावी असणार आणि टाकी सासूबाईंच्या किंवा भाच्याच्या भरवशावर असणार. पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी भरणारं ऑटो टॉप-अप घेतलंत तर छानच, पण त्याचा साठ्याचा डबा रिकामा झाला तर ते काय कपाळ भरणार? शिवाय सेन्सर अडकला तर सगळा डबा टाकीत ओतला जातो, म्हणून डबा आटोपशीरच ठेवा. पातळी फार खाली गेलेली दिसली तर घाबरून एकदम बादली उपडी करू नका, दोन दिवसांत थोडं थोडं भरा.

स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही. चवीसाठी तो थोडे क्षार सोडतोच. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा. पुढे डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडून आकडा शून्यावर आणायचा. नळाचं किंवा बोअरचं पाणी सरळ घातलंत तर शेवाळाची शेती होईल. तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा आरओसुद्धा एक दिवसाआडच चालतो, म्हणून कॅन रिकामे ठेवायचे नाहीत. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला घ्या. कूलरमध्ये टाकलंत तर पॅडवर क्षार बसतात.

जागा. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो नुसतं पाणीच, वर काच, दगड, स्टँड. लष्कर भागातल्या जुन्या घरात माडीवर, दगडी पट्ट्यांच्या छतावर मांडणार असाल तर आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा. खिडकीसमोर नको.

तापमान २५ ते २७. इथे उन्हाळ्याचा आणि थंडीचा असा दुहेरी खर्च आहे. चिलर महाग, आणि टाकीची उष्णता काढून खोलीतच सोडतो. पंखा स्वस्त, लूमध्ये तीन-चार अंश सहज उतरवतो, पण कूलर चालू असलेल्या खोलीत आणि जुलैच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. टाकी एसीच्या खोलीत असेल तर निम्मी काळजी मिटली. जानेवारीसाठी दीडशे वॅटचा हीटर. लाइट जाणारच, तेव्हा निदान प्रवाहाचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात पाणी थांबलं की मासे वर येऊन धापा टाकतात. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

मीठ समुद्री मत्स्यालयाचंच. खाण्याचं नको, सैंधव तर नकोच. त्यांत कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तो मेळ नसतो. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, वेगळ्या बादलीत, पंप लावून रात्रभर फिरवायचं. टाकीत जीव असताना मीठ थेट टाकीत टाकायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

दगड कोरडे किंवा बनवलेले घ्या. प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कुणी गुपचूप देत असेल तर दुकान बदला. मग चार ते सहा आठवडे थांबायचं. दगडावर जिवाणू वसतात, अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा आणायचा नाही, पोरं रडली तरी. टाकीत अजून कुणी नाही म्हणून रेघेकडे दुर्लक्ष होतं. करू नका, जिवाणूंनाही ते मानवत नाही, आणि सवय याच दिवसांत लागते.

आता मासे. क्लाउनफिशची एक जोडी, हॅचरीत वाढलेली मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. निळा टँग फूटभर वाढतो, तो सोडा. नवा मासा चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं तांब्याचं औषध तिथेच. मुख्य टाकीत तांबं गेलं की गोगलगायी-झिंगे संपले. मुख्य टाकीत सोडताना तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत. वर जाळीचं झाकण, मासे उडी मारतात.

पुढचं थोडक्यात. दिवे आठ तास. पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणाऱ्या स्किमरचा कप भरला की धुवा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. गावाला निघालात? कॅन भरलेत का, रेघ कोण बघणार? आणि काढलेलं खारं पाणी मोरीत ओता, तुळशीला नाही. आजींना आधीच सांगून ठेवा.