गावच्या पुरातत्त्व नोंदी ऑनलाइन टाकताय? या चुका टाळा

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, पांढरीची टेकाडं (जुन्या वस्तीच्या मातीचे उंचवटे), कोकणातली कातळशिल्पं (खडकात कोरलेली चित्रं) यांच्या नोंदी करून त्या नकाशावर टाकणारे तरुण गट वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण यातले बरेच नकाशे उघडले की त्याच त्या चुका दिसतात. त्यातल्या एकीचं नुकसान तर कधीच भरून येत नाही.

नेमकी जागा सगळ्यांना खुली करणं

मराठवाड्यातल्या एका नदीकाठच्या पांढरीची नोंद एका उत्साही गटाने अक्षांश-रेखांशांसह जाहीर केली. खाली ओळ होती, 'इथे जुनी नाणी आणि मणी सापडतात.' पावसाळा सरल्यावर मी तिथे गेलो, तर टेकाडाच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा. काठावर लिंबू, हळद-कुंकू आणि उपसून टाकलेल्या खापरांचा ढीग. गुप्तधनाच्या नादाने कुणीतरी रात्रीत खणलं होतं. चुलीची राख, घरांच्या सारवलेल्या जमिनी, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत लहान मुलांची दफनं मिळाली. ती कुठल्या घरातली, कुठल्या काळातली, हे सांगता आलं ते थर जागच्या जागी होते म्हणून. आमच्या त्या टेकाडाबद्दल आता असं काहीही सांगता येणार नाही.

मी दोन तक्ते ठेवतो. नेमकी जागा फक्त आतल्या तक्त्यात, आणि तो अभ्यासकांना व पुरातत्त्व खात्याला मागितल्यावर देतो. लोकांसाठीच्या नकाशावर पाच किलोमीटरचा चौकोन, तालुका आणि स्थळाचा प्रकार, एवढंच. नाणेघाटासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या ठिकाणाला ही लपवाछपवी नको. उघड्यावरच्या पांढरीला मात्र हवीच. 'माहिती सगळ्यांची आहे' हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण राखण करायला रात्री तिथे कोण जाणार, तेही सांगा.

आणि जागा लपवून मूळ फोटो तसाच चढवू नका. मोबाइलच्या फोटोत जीपीएसची नोंद दडलेली असते. ती आधी पुसा.

अंश-मिनिटांचा घोळ

वहीत १६ अंश ४५ मिनिटं लिहिलेलं असतं आणि घाईत टाइप होतं १६.४५. खरं तर ते १६.७५ आहे, कारण एका अंशात मिनिटं साठ. राजापूर तालुक्यातल्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, एक नोंद (१६ अंश ४५ मिनिटं उत्तर, ७३ अंश २५ मिनिटं पूर्व) मी अशीच विजयदुर्ग आणि देवगडच्या मधल्या समुद्रात पाहिली आहे. पिन समुद्रात पडली तर निदान कळतं. देशावर तीच चूक वीस-तीस किलोमीटरवरच्या भलत्याच गावात जाऊन बसते आणि पुढचे दहाजण ती उतरवून घेतात.

जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशांवरून) आकडे घेणाऱ्यांनी आणखी सांभाळावं. ते नकाशे एव्हरेस्ट मापनावर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. रूपांतर न करता टाकलेली पिन आपल्याकडे शंभराहून जास्त मीटर सरकते, म्हणजे वीरगळ ओढ्याच्या पलीकडे.

रूपांतर सॉफ्टवेअर करून देतं, पण मी त्यावर विसंबत नाही. जागेवर उभं राहून वहीत एक वाक्य लिहितो: 'मारुतीच्या देवळाच्या ईशान्येला, विहिरीच्या वरच्या बांधावर.' घरी पिन टाकली की उपग्रहचित्रात ते देऊळ आणि ती विहीर शोधतो. सापडली नाहीत तर नोंद चढत नाही. याला वेळ लागतो. एका रविवारी पन्नास स्थळं उरकणाऱ्यांना हे पटत नाही, आणि दुरुस्त्या नेमक्या त्यांच्याच नोंदींत निघतात.

बाकीच्या

नुसतं 'पिंपळगाव' लिहू नका. तालुका, जिल्हा आणि जनगणनेचा गाव-क्रमांक द्या.

फोटोत मोजपट्टी ठेवा. माणूस शेजारी उभा करून उंची कळत नाही.

चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक दगडी देऊळ 'हेमाडपंती', म्हणजे यादवकाळातल्या शैलीचं, नसतं. काळ ठाऊक नसेल तर रकाना रिकामा सोडा.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधात काहीच सापडणार नाही.

भेटीची तारीख लिहा. बांध सरकतात, शिळा देवळाच्या पायरीत जातात.

शेंदूर लावलेल्या वीरगळाचा फोटो टाकण्याआधी पूजा करणाऱ्यांना विचारा. बहुतेकदा ते हो म्हणतात, आणि ती शिळा आधी कुठे होती हेही त्यांच्याकडूनच कळतं.